स्वस्त लॅपटॉपवरचं कापलेलं विंडोज: ‘एस मोड’, ‘सिंगल लँग्वेज’ आणि ६४ जीबीची अडचण

वीस ते तीस हजारांच्या टप्प्यातला नवा लॅपटॉप घेताना प्रोसेसर, स्क्रीन आणि सोबत मिळणारी बॅग यांची चौकशी होते. ‘विंडोज आहे ना?’ एवढं विचारून तो विषय मिटतो. पण पुढची तीन-चार वर्षं रोजच्या कामात सगळ्यात जास्त अडवतं ते त्यावर कुठलं विंडोज आहे, हेच. ऑनलाइन यादीत ‘विंडोज ११ होम’ ठळक छापलेलं असतं आणि त्यापुढे बारीक अक्षरात ‘इन एस मोड’ किंवा नुसतं ‘एसएल’ (सिंगल लँग्वेज). ही दोन शेपटं वेगवेगळी आहेत, त्यांचा त्रासही वेगळा आहे आणि त्यातून सुटायच्या वाटाही वेगळ्या.

निकाल आधीच सांगून टाकतो. एस मोड दिसला म्हणून लॅपटॉप नाकारू नका, तो पाच मिनिटांत आणि फुकट निघतो. सिंगल लँग्वेज असेल तर मराठी लिहायला काहीच अडत नाही, मात्र मेनू मराठीत होत नाहीत आणि ते हवे असतील तर पैसे मोजावे लागतात. पण त्याच लॅपटॉपमध्ये बोर्डावर सोल्डर केलेली ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (एसएसडीहून मंद, स्वस्त साठवण) असेल, तर कुठल्याही सेटिंगने आणि कितीही पैशांनी ते सुधारत नाही. असं यंत्र विंडोजसाठी घेऊच नये.

एस मोड कुठे आडवा येतो

एस मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप्स बसतात. वेबसाइटवरून उतरवलेला किंवा सीडीवरून आलेला डॉट ईएक्सई किंवा डॉट एमएसआय सेटअप सुरूच होत नाही. कमांड प्रॉम्प्ट, पॉवरशेल आणि रजिस्ट्री एडिटरही बंद असतात. त्यामुळे यूट्यूबवर सापडलेला ‘ही कमांड टाका’ छापाचा कुठलाही उपाय इथे लागू पडत नाही.

ज्याला फक्त ब्राउझर, मेल, व्हॉट्सॲप आणि व्हिडिओ लागतात त्याला हे जाणवणारही नाही. आपल्याकडच्या कामाच्या यंत्रांवर मात्र पहिल्याच दिवशी गाडी अडते. टॅलीचा सेटअप चालत नाही. जीएसटीसाठी किंवा ई-निविदेसाठी डिजिटल सही लागते, तिच्या ई-पास किंवा प्रॉक्सकी टोकनचा ड्रायव्हर आणि सही उमटवणारं एमसाइनर हे दोन्ही बाहेरून टाकायचे सेटअप आहेत. सेवा केंद्रावर अंगठा घेणाऱ्या मंत्रा एमएफएस ११० सारख्या यंत्राला ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (अंगठ्याचा ठसा आधारच्या पडताळणीसाठी पाठवणारं सॉफ्टवेअर) लागते, तीही तशीच येते. मराठी टंकलेखनासाठी सी-डॅकची आयएसएम किंवा श्रीलिपी टाकायची म्हटली तरी तीच भिंत. कॅननच्या एलबीपी २९०० सारखा जुना लेझर प्रिंटर असेल तर त्याचा ड्रायव्हर सेटअपमधूनच टाकावा लागतो. एस मोडमध्ये फक्त विंडोज अपडेटमधून आपोआप येणाऱ्या ड्रायव्हरवर भिस्त ठेवावी लागते. वाय-फायवर चालणारे नवे प्रिंटर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात, तिथे प्रश्न येत नाही.

स्टोअरमध्ये ॲप दिसतं म्हणून ते चालेलच, असंही नाही. विंडोज ११ च्या स्टोअरमध्ये आता कंपन्यांचे मूळ ईएक्सई सेटअपही ठेवलेले असतात, आणि एस मोडमध्ये ते बसत नाहीत. ॲपच्या पानावर तशी सूचना येते, ती वाचा. ‘गेट’ दाबून नुसती वाट पाहण्यात अर्थ नसतो.

आधी खात्री करा, एस मोडच आहे ना

दोन वेगळ्या अडचणी दिसायला सारख्या असतात आणि लोक त्यात फसतात. सेटअपवर डबल क्लिक केल्यावर ‘सुरक्षितता आणि कामगिरीसाठी विंडोजचा हा मोड फक्त मायक्रोसॉफ्टने तपासलेली ॲप्स चालवतो’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर तो एस मोड. ‘तुम्ही टाकत असलेलं ॲप मायक्रोसॉफ्टने तपासलेलं नाही’ असं म्हणून स्टोअरमधलं पर्यायी ॲप सुचवलं जात असेल, तर विंडोज पूर्ण आहे आणि फक्त एक सेटिंग आवळलेली आहे. ती सैल करायला सेटिंग्ज, मग ॲप्स, मग ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज उघडा आणि ‘चूज व्हेअर टू गेट ॲप्स’ समोर ‘एनीव्हेअर’ निवडा. काम संपलं.

तिसरा अडथळा स्मार्ट ॲप कंट्रोलचा असू शकतो. तो नव्या यंत्रांवर विंडोज सिक्युरिटीतल्या ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ या भागात असतो आणि अनोळखी किंवा सही नसलेली जुनी सॉफ्टवेअर थांबवतो. त्याच्या संदेशात त्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे ओळखायला सोपा. तो बंद करण्याआधी सेटअप खरंच मूळ कंपनीच्या साइटवरून घेतला आहे का, ते एकदा पाहा. गावातल्या पेन ड्राइव्हवरून फिरत आलेल्या टोकन ड्रायव्हरवर माझा अजिबात विश्वास नाही.

पक्की खात्री हवी असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट असं जा. ‘विंडोज स्पेसिफिकेशन्स’ खाली ‘एडिशन’ या ओळीत ‘होम इन एस मोड’, ‘होम सिंगल लँग्वेज’ किंवा नुसतं ‘होम’ असं लिहिलेलं असतं. दुकानात डेमोवर ठेवलेल्या यंत्रावरही ही ओळ अर्ध्या मिनिटात पाहता येते.

बाहेर पडायची वाट आणि ती अडली तर

इंटरनेट जोडा आणि स्टोअरमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा. मग सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन उघडा. तिथे दोन ठिकाणी ‘गो टू द स्टोअर’ असतं, गफलत इथेच होते. ‘स्विच टू विंडोज ११ होम’ या मथळ्याखालचं दाबायचं. ‘अपग्रेड युवर एडिशन ऑफ विंडोज’ या मथळ्याखालचं दाबलं तर प्रो विकत घ्यायचं पान उघडतं, आणि एस मोड काढायला पैसे पडतात असा समज करून लोक परत फिरतात. बरोबर पानावर ‘स्विच आउट ऑफ एस मोड’ असं लिहिलेलं असतं आणि ‘गेट’ बटण असतं. ते दाबून होकार दिला की झालं. पैसे लागत नाहीत, फायली जात नाहीत, विंडोज पुन्हा टाकावं लागत नाही. परतीची वाट मात्र नाही. एकदा बाहेर पडलं की पुन्हा एस मोडमध्ये जाता येत नाही.

पान उघडतच नाही, गोल फिरत राहतं किंवा ‘काहीतरी बिघडलं’ असं येतं, ही तक्रार फार कॉमन आहे. आधी घड्याळ आणि तारीख तपासा. महिनोन्‌महिने खोक्यात पडून राहिलेल्या यंत्राची तारीख चुकलेली असेल तर स्टोअरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. मग विंडोज अपडेटमधलं थकलेलं सगळं उतरवून रीस्टार्ट करा. तरीही अडलं तर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स या यादीत मायक्रोसॉफ्ट स्टोअर शोधा, तीन टिंबांवरून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा, आधी ‘रिपेअर’ आणि त्याने भागलं नाही तर ‘रीसेट’ दाबा. हे सगळं एस मोडमध्ये असतानाही करता येतं, म्हणून कमांडच्या उपायांपेक्षा बरं. ऑफिस किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर असाल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येऊन पाहा. लॅपटॉप शाळेने किंवा संस्थेने दिलेला असेल आणि तिच्या खात्याखाली नोंदलेला असेल, तर हे स्विचिंग संस्थेनेच बंद केलेलं असू शकतं. तिथे त्यांच्या संगणक विभागालाच विचारावं लागेल.

एस मोड काढायलाच हवा का? कोणासाठी लॅपटॉप घेतला आहे, त्यावर ते ठरवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना फक्त व्हिडिओ कॉल, पेन्शनची साइट आणि बातम्या लागत असतील तर राहू द्यावा. मेलमधून आलेला कुठलाही फसवा सेटअप त्यांच्या हातून चालणारच नाही, ही मोठी सोय आहे. पण ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ म्हणणाऱ्या भामट्यांपासून एस मोड वाचवत नाही. दूरच्या माणसाला स्क्रीन दाखवणारं क्विक असिस्ट हे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचंच साधन आहे आणि भामटे तेही वापरतात. आई-बाबांना हे सांगून ठेवलंच पाहिजे. विद्यार्थी, हिशेबनीस, सेवा केंद्रचालक यांनी मात्र पहिल्याच दिवशी बाहेर पडावं.

सिंगल लँग्वेज म्हणजे काय अडतं, काय अडत नाही

भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ सर्रास दिसतं, अगदी पन्नास-साठ हजारांच्या यंत्रांवरही. अडवणूक एकच आहे. विंडोजचे स्वतःचे मेनू आणि खिडक्या ज्या भाषेत आहेत, ती भाषा बदलता येत नाही. इंग्रजीत आलेलं यंत्र इंग्रजीतच राहतं. विंडोजसाठी मराठी भाषेचा पॅक आहे, पण तुमचा परवाना एकाच डिस्प्ले भाषेचा आहे असं सांगून भाषेचं पान तो रस्ता बंद करतं. हा फरक निव्वळ परवान्याचा आहे, यंत्राच्या ताकदीशी त्याचा संबंध नाही, आणि माझा राग त्याच कारणासाठी आहे. इंग्रजीची सवय नसलेल्या माणसाला मराठी मेनूंचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. तोच माणूस स्वस्त यंत्र घेतो, आणि नेमकं त्याच यंत्रावर ते मिळत नाही. प्रो आवृत्ती घेतली की बंधन सुटतं, पण पंचवीस हजारांच्या लॅपटॉपवर तेवढ्यासाठी प्रोचे पैसे घालणं मला पटत नाही.

लिहिण्याचं मात्र अजिबात अडत नाही. दुकानात कोणी ‘यात मराठी चालणार नाही’ म्हणालं तर ते चूक आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असं जाऊन ‘ॲड अ लँग्वेज’ मधून मराठी निवडा. सोबत इनस्क्रिप्ट मांडणीचा (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या प्रमाणित मांडणीचा) मराठी कीबोर्ड आपोआप येतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर मराठीसमोरच्या तीन टिंबांवरून ‘लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा, ‘ॲड अ कीबोर्ड’ दाबा आणि ‘मराठी फोनेटिक’ घ्या. हा कीबोर्ड २०१९ च्या विंडोज १० च्या मे अपडेटपासून विंडोजमध्येच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबायचे.

ज्यांना रोज भरपूर लिहायचं आहे त्यांनी इनस्क्रिप्टच शिकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनेटिकमध्ये सुचवलेल्या यादीतून शब्द निवडत बसावं लागतं आणि ४ जीबीच्या यंत्रावर ती यादी उघडायलाही क्षणभर लागतो. इनस्क्रिप्टमध्ये जे दाबलं तेच उमटतं. ‘दऱ्या’ मधला ‘ऱ्या’ हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. चार कळा, आणि रफार होऊन ‘र्या’ उमटण्याची भानगड नाही.

फाँटचं एक सांगायलाच हवं. बऱ्याच कार्यालयांच्या जुन्या फायली मंगल फाँटमध्ये असतात. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट मूळ विंडोजमध्ये न देता ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या वेगळ्या संचात ठेवले आहेत. मूळ विंडोजमध्ये देवनागरीसाठी निर्मला हा फाँट असतो. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर जुना अर्ज उघडला की ओळी सरकतात, पानं वाढतात, आणि दोष कापलेल्या विंडोजवर येतो. सेटिंग्ज, सिस्टम, ऑप्शनल फीचर्स इथून तो संच टाका, फुकट आहे. मराठी भाषा जोडताना इंटरनेट चालू असेल तर तो बहुधा आपोआप येतोच.

ही पद्धत जुनीच आहे

स्वस्त यंत्रासाठी हात-पाय बांधलेलं विंडोज देण्याची सुरुवात २००४ मध्ये एक्सपी स्टार्टर एडिशनने थायलंड, मलेशिया, इंडोनेशियासारख्या बाजारांत झाली, आणि पुढे भारतात ते हिंदीतही आलं. त्यात एका वेळी तीनच प्रोग्राम उघडता येत. २००९ मध्ये नेटबुकवर विंडोज ७ स्टार्टर आलं. तीन प्रोग्रामांची अट त्यातून बाजारात येण्याआधीच काढावी लागली, पण २ जीबीच्या वर रॅम न वापरण्याची अट राहिली आणि डेस्कटॉपचं चित्रसुद्धा बदलता येत नव्हतं. विंडोज १० एस २०१७ मध्ये सरफेस लॅपटॉपसोबत वेगळी आवृत्ती म्हणून आली आणि २०१८ मध्ये तिचाच ‘मोड’ झाला. त्या मानाने आजची बंधनं खूपच सौम्य आहेत, हे मान्य करायला हवं.

पहिल्यांदा सुरू करताना कोणाचं खातं टाकलं?

या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि नुकसान सगळ्यात मोठं होतं. विंडोज ११ होमच्या पहिल्या सेटअपला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. ग्राहकाला आयतं चालू यंत्र द्यावं म्हणून काही दुकानांत तिथल्याच एखाद्या खात्याने हा सेटअप उरकून देतात. त्याचे दोन परिणाम होतात.

पहिला ऑफिसचा. लॅपटॉपसोबत ‘ऑफिस होम अँड स्टुडंट’ मिळालं असेल तर ते ज्या खात्याने चालू होतं त्याच खात्याला कायमचं चिकटतं. पुढे कधी विंडोज पुन्हा टाकलं की ऑफिस तेच खातं मागतं, आणि ते तुमच्याकडे नसतं.

दुसरा परिणाम त्याहून गंभीर. होम आवृत्तीत डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची पूर्ण साधनं नसली तरी त्याचंच साधं रूप, ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, असतं आणि नव्या यंत्रांवर ते मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करताच गुपचूप चालू होतं. ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. बायोस अपडेट झाला किंवा बोर्ड दुरुस्त करून आणला की निळ्या पडद्यावर ही की मागितली जाऊ शकते. की नसेल तर आतल्या फायली मिळत नाहीत, कुठलाही कारागीर त्या काढून देऊ शकत नाही.

म्हणून सीलबंद खोकं घ्या आणि पहिला सेटअप स्वतःच्या, नीट पासवर्ड लक्षात असलेल्या खात्याने करा. दुकानात आधीच सुरू करून दिलं असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथून ‘रीसेट धिस पीसी’ घेऊन ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ करा. ऑफिस चालू झालेलं नाही याची खात्री दुकानातून निघण्याआधीच करून घ्या. घरी आल्यावर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या ‘डिव्हाइसेस’ पानावर जाऊन रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि बिलासोबत ठेवा.

खरी अडचण: ४ जीबी आणि ६४ जीबी

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे, आणि काही स्वस्त यंत्रं नेमकी त्या काठावर बांधलेली असतात. काठावरचं यंत्र चालू होतं, पण त्यावर काम करायला जागा उरत नाही.

खोक्यावरचे ६४ जीबी विंडोजच्या मोजणीत ५९ च्या आसपास भरतात. रिकव्हरीचे विभाग वजा जाता ‘सी’ ड्राइव्हवर ५७-५८ दिसतात. विंडोज, कंपनीने भरलेली ॲप्स आणि ऑफिस यांतच निम्मी जागा जाते. त्यातून विंडोज स्वतःच्या अपडेटसाठी साधारण ७ जीबी राखून ठेवतं. उरलेल्या जागेत मोबाइलवरचे फोटो एकदा उतरवले की लाल पट्टी. मग वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट अडतं. ०एक्स८००७००७० हा एरर आला तर त्याचा अर्थ एकच, डिस्क भरली आहे. इंटरनेट, व्हायरस, सर्व्हर यांच्या मागे लागू नका.

ईएमएमसी ही मोबाइलच्या जातीची साठवण आहे आणि ती एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते. खऱ्या एसएसडीचा वेग कितीतरी जास्त असतो. म्हणून मागे अपडेट उतरत असताना साधी वर्डची फाइल उघडायलाही वेळ लागतो आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटलेला दिसतो. सेलेरॉन एन ४०२० सारखा दोन कोअरचा प्रोसेसर सोबत असेल तर सगळंच रांगेत उभं राहतं. एन १०० मध्ये चार कोअर आहेत आणि तो बराच बरा आहे, पण त्यालाही ४ जीबी रॅमशी बांधलं तर उपयोग मर्यादितच.

असं यंत्र घरात आलंच असेल तर एस मोड काढल्यावर एवढं करा. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज इथे ‘क्लीनअप रेकमेंडेशन्स’ आणि ‘टेम्पररी फाइल्स’ मधून मागच्या विंडोजची प्रत आणि अपडेटचा कचरा काढा. ‘डाउनलोड्स’ समोरची खूण मात्र आधी पाहून घ्या, तिथे तुमच्या कामाच्या फायली असतात. चाचणी मुदतीचा अँटीव्हायरस काढून टाका. तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो आणि या यंत्रांना तोच झेपतो. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप ॲप्स’ मधून जे रोज लागत नाही ते बंद करा.

जागा अजून हवी असेल तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ ने उघडा आणि इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ‘ऑफ’ असं टाइप करा. हायबरनेशनची फाइल जाते आणि ४ जीबीच्या यंत्रावर साधारण दीड जीबी मोकळी होते. बदल्यात फास्ट स्टार्टअप बंद होतो, यंत्र सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो.

फोटो आणि व्हिडिओ मेमरी कार्डावर ठेवा. ‘स्टोरेज’ खालच्या ‘ॲडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज’ मध्ये नवी सामग्री कुठे साठवायची ते ठरवता येतं. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा ‘बॅकअप’ डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप वर चढवतो आणि फुकटचे ५ जीबी लवकर भरतात. जागा भरल्याच्या सूचना तिथून येत असतील तर त्याच्या सेटिंगमधून या फोल्डरांचा बॅकअप थांबवा. मोठं अपडेट तरीही बसत नसेल तर १६ जीबी किंवा त्याहून मोठा रिकामा पेन ड्राइव्ह जोडून पाहा, जागा कमी पडली की विंडोज अपडेट तो तात्पुरता वापरायला मागतं.

इतकं करून यंत्र चालतं राहतं, वेगवान होत नाही.

घ्यायचंच तर

ऑनलाइन यादीत ‘एसएसडी’ हा शब्द स्पष्ट हवा. नुसतं ‘फ्लॅश स्टोरेज’ किंवा ‘ईएमएमसी’ असेल तर पुढे जा. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी याच्या खाली विंडोज ११ घेऊ नये. बजेट त्याहून कमी असेल तर रॅमचा मोकळा स्लॉट आणि एम डॉट टूचा (एसएसडी बसवायचा) स्लॉट आहे का ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. स्लॉट असेल तर ४ जीबीचं यंत्रही पुढे सुधारता येतं. सोल्डर केलेल्या रॅमसाठी यादीत ‘ऑनबोर्ड’ लिहितात.

घरच्या लॅपटॉपवर ऑफिसच्या डोमेनला जोडणं, दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने आत येणं किंवा ग्रुप पॉलिसी वापरणं या गोष्टी होममध्ये नाहीत, सिंगल लँग्वेज असो वा नसो. ज्यांना ते लागतं त्यांनी सुरुवातीलाच प्रो असलेलं यंत्र पाहावं, नंतर बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

फक्त ब्राउझरवरच काम असेल तर ४ जीबीवर क्रोमबुक विंडोजपेक्षा हलकं चालतं. घेण्याआधी त्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख गूगलच्या यादीत पाहा. टोकन, टॅली, आरडी सर्व्हिस यांसाठी मात्र क्रोमबुकचा उपयोग नाही, आणि तिथे एस मोडसारखी बाहेर पडायची वाटही नाही.

जुना, नूतनीकरण केलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी विंडोज १० एस मोडवालं यंत्र ‘नंतर ११ करू’ या भरवशावर घेऊ नये. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेलेरॉन एन ३३५० किंवा ३२ जीबी ईएमएमसी असलेलं यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसतच नाही, एस मोड काढला तरीही. आठव्या पिढीचा इंटेल आय ५, ८ जीबी रॅम आणि साधी साटा एसएसडी असलेला ऑफिसमधून निघालेला लॅपटॉप त्याच पैशांत मिळत असेल, तर बॅटरीची अवस्था तपासून तो घ्यावा. त्यावर बहुधा प्रो असतं आणि त्यात मराठी मेनूही चालतात.